पूडलच्या केसांखाली

पूडलचे केस गळत नाहीत. हे मला सगळ्यात आधी सांगितलं गेलं आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, झाडलोट वाचली. नंतर कळलं की सुटलेला केस बाहेर पडायच्या ऐवजी बाकीच्या कुरळ्या केसांतच गुंतून बसतो. दोन दिवस हात फिरवला नाही की कानामागं, काखेत, मानेच्या पट्ट्याखाली जट धरायला लागते. नुसता ब्रश फिरवला तर वरून छान मऊ दिसतं आणि खाली कातडीला लागून केसांचा घट्ट नमदा तयार होत असतो. म्हणून पोलादी कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे, एकेक बट बाजूला करून. विंचरल्याशिवाय अंघोळ घालायची नाही, कारण गाठीवर पाणी पडलं की ती आवळते. हे सगळं मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. विचारत मात्र आता कुणी नाही.

मी ज्यांच्याकडं राहते त्यांना सगळे अव्वा म्हणतात. कन्नडमध्ये आईला, आजीला अव्वा. भवानी पेठेत जुनं दोन खोल्यांचं घर, वर गच्ची, भिंतीला लागून शेजाऱ्यांचे यंत्रमाग. अव्वा कन्नड शाळेत शिक्षिका होत्या. यजमान वारले, बोटं संधिवातानं वाकडी झाली. मुलगी एकुलती एक, ती पुण्याला नोकरीला होती. तिथं तिनं हा पूडल पाळलेला, जर्दाळूच्या रंगाचा, मांजरापेक्षा थोडा मोठा. तिला परदेशातली नोकरी लागली तेव्हा त्याला अव्वांकडं ठेवलं आणि दोघांचं करायला माणूस शोधलं. ते माणूस मी. कामावर आले अव्वांसाठी म्हणून, पण खरं बघाल तर निम्मी त्याच्यासाठीच.

माझं गाव नातेपुत्याच्याही पलीकडं. दोन एसट्या बदलून जावं लागतं, म्हणून वर्षातनं एकदाच जाणं होतं. शाळा सातवीत सुटली. लग्न जमलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. शाळा सुटल्यावर आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर जायला लागले. हंगामात आमच्याकडच्या बायका टेम्पोत बसून तिकडं पंढरपूरच्या बाजूला जातात आणि दोन-अडीच महिने शेडवरच राहतात. द्राक्षाचे घड तेलाच्या पाण्यात बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे, वाळले की झाडायचे, निवडायचे. पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यानं डोळे चरचरतात. घरी न्यायचा बेदाणा आई बिनधुरीचाच ठेवायची. दिसायला काळपट, पण खायला निर्मळ. आमच्याकडं बाळंतीण असो, तापातनं उठलेलं पोर असो, रात्री बेदाणे भिजवायचे आणि सकाळी पाण्यासकट द्यायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना कावीळ झाली होती, तेव्हा मला त्यावरच उठवलं असं आई अजून सांगते.

अव्वांच्या मुलीनं जायच्या आधी चार दिवस मला शिकवलं. चांगली होती शिकवायला, कधी हसली नाही मला. कानातले केस कसे काढायचे, डोळ्यांखाली पाण्याचे डाग पडतात ते रोज कसे पुसायचे, महिना-दीड महिन्यानं मशीननं केस कसे बारीक करायचे. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आणि चार गोष्टी चुकूनसुद्धा द्यायच्या नाहीत. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं. लक्षात राहील ना, ताई?"

"व्हय. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं," मी बोटांवर म्हणून दाखवलं.

का, ते विचारलं नाही. शाळेत 'का' विचारलं की पोरं हसायची, तेव्हापासून मी विचारायचं सोडलंय. माझी कारणं मीच लावून घेते. चॉकलेटनं दात किडतात. कांदा-लसूण उष्ण. आणि द्राक्षाचं तर मला कुणी सांगायलाच नको. द्राक्षावर किती फवारण्या होतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. एवढ्याशा जिवाला ते औषध कसं सोसणार? मी मनातल्या मनात म्हटलं, शिकलेली माणसं बरोबर सांगतात.

त्या घरानं मला काय दिलं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. पहिल्या आठवड्यात मी सारखी दचकायचे. भांडं पडलं की वाटायचं, आता म्हणतील, जा परत. अव्वा एकदा म्हणाल्या, "काय गं, सशाच्या बिळातनं आलीस का तू?" मग रोज दुपारी वर्तमानपत्रातलं एक पान वहीत उतरवायला लावलं. चुकलेल्या शब्दाखाली वाकड्या बोटांनी पेन्सिलीची रेघ मारायच्या. मी आज हे लिहितेय ते त्या रेघांमुळं.

त्याला अव्वा पुट्टा म्हणायच्या. पुट्टा म्हणजे छोटुकला, बा म्हणजे ये. "बा पुट्टा, बा," म्हटलं की तो नखं वाजवत यायचा आणि त्यांच्या पायावर पाठ टेकून बसायचा. मी ओट्यावर पाट मांडून त्याला विंचरायला बसले की गल्लीला करमणूक. शेजारच्या काकू, ज्यांच्या घरी माग आहेत आणि घरात तेलुगू चालतं, त्या रोज विचारायच्या, "किती निघाली गं लोकर? साठवून ठेव की. चादर विणते. सोलापुरी कुत्रा-चादर, दुनियेत एकच!"

भाजीवाली एकदा पाटी उतरवून बघतच राहिली. "अव्वा, मेंढरू पाळलं व्हय?"

"मेंढरू कशाला? जावई आहे माझा," अव्वा म्हणाल्या. "लेकीला खरा सापडला नाही, म्हणून हा पाठवलाय."

"मग हुंडा काय घेतला?"

"हिला घेतलं," अव्वांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "तेवढं देऊन गप्प बसला बिचारा."

त्या दिवशी मी आत जाऊन रडले. आपल्याला कुणी चेष्टेत धरावं एवढी आपण त्या घरातली झालो, म्हणून.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा लईच कडक होता. सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको, पण त्या वर्षी सकाळी आठलाच ओटा तापायचा. पुट्टाचं खाणं कमी झालं. भात हुंगायचा आणि लांब जाऊन पाय पसरून फरशीवर पडायचा. मला वाटलं, उन्हानं माणसाचंही तसंच होतं की. केस बारीक करायची वेळ आली होती. अव्वांनी मानेच्या पट्ट्याला हात घालून त्याला धरलं आणि मी मशीन फिरवायला घेतली. एकेक पट्टा उतरत गेला तसतसं माझं पाणी पाणी होत गेलं. पूडल गुबगुबीत दिसतो तो केसांनी. खाली माझ्या पुट्टाच्या बरगड्या मोजता येत होत्या.

अव्वांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "हलका झाला गं, गार वाटत असेल त्याला."

मी मशीन फिरवत राहिले. मी रोज त्याला विंचरत होते, कंगवा कातडीपर्यंत नेत होते, आणि मला कळू नये? आता रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल येणार, ती बघणार, म्हणणार, ताई, हे काय केलंत. आणि मग मला जावं लागणार. तेव्हाच त्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. तो तसा आजारी नव्हताच, उन्हानं उतरला होता एवढंच, हे मला नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं. पण दवाखान्यात न्यायचं म्हणजे अव्वांना सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे माझी चूक उघडी करायची. मी गच्चीवर जाऊन आईला फोन लावला.

"लई वाळलंय गं आई ते. खात न्हाय."

"मग बेदाणं भिजवून दे की. मागच्या महिन्यात डबा दिलाय तुझ्याकडं, बिनधुरीचा. तसाच पडलाय व्हय?"

"कुत्र्याला चालतंय का?"

"आता माणसाला चालतंय ते मुक्या जिवाला का न चालंल? तू कशानं उठलीस?"

तिच्या आवाजानंच मला धीर आला. बेदाणे तीन पाण्यांत धुतले, वाटीत भिजत घातले. सकाळी फुगलेले बेदाणे कुस्करून त्याच्यापुढं ठेवले. दोन दिवस भाताला तोंड न लावलेला पुट्टा ते चाटूनपुसून खाऊन मोकळा झाला आणि वाटी नाकानं ढकलत माझ्या पायाशी घेऊन आला. मला इतका आनंद झाला! मी देवाला हात जोडले, आईच्या हाताला यश दिलंस म्हणून. दुसऱ्या दिवशी मूठभर घातले.

दुपारी त्याला उलटी झाली. ऊन बाधलं असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी तो नुसता पाणी पीत होता आणि पडून होता. अशक्तपणा वाढला, असं मी धरलं, आणि अशक्तपणावर माझ्याकडं एकच औषध होतं. खाईना म्हणून बेदाण्याचं पाणी चमच्यानं तोंडाच्या कडेनं सोडलं. तो शहाणा, विश्वासानं गिळत होता. चौथ्या दिवशीही पाजलं.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र अव्वाच म्हणाल्या, "अगं, हा माझ्या पायाशी आला नाही सकाळपासून." तेव्हा शेजारच्या काकूंनी रिक्षा बोलावली आणि आम्ही दोघी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, शांत. काय खातो, विचारलं. मी सगळं सांगितलं. भात, उकडलेली अंडी, कोंबडी, कधी चपाती. नवीन काही? काही नाही. त्यांनी उन्हाचं धरून सलाईन लावलं, रक्त काढून घेतलं, दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात कागद होता. "किडनी काम करत नाहीये. यानं द्राक्षं खाल्लीत का?"

"न्हाय मॅडम," मी जरा अभिमानानंच म्हटलं. "द्राक्षाला मी शिवू पण देत न्हाय."

"बेदाणे? मनुके? खिरीतले, शिऱ्यातले?"

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "ते खायला न्हाय दिले, मॅडम. औषध म्हणून दिले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"मूठभर. चार दिवस. त्यातले शेवटचे दोन दिवस नुसतं पाणी."

"अहो, द्राक्षंच ती. वाळलेली. एवढ्याशा कुत्र्याला..." त्या थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "मी काल विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी खाण्याचं विचारलं," मी म्हटलं.

मी उलट बोलले नव्हते. खरंच तसं वाटलं होतं मला. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हे जगात कुणालाच समजणार नाही. आणि मला तरी ते कुठं समजत होतं? द्राक्ष तेलात बुडवून, जाळीवर पसरून, त्याचा बेदाणा होईपर्यंत रोज हात घातलेली बाई मी. ते द्राक्ष आहे हे अख्ख्या दवाखान्यात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मॅडम म्हणाल्या, पहिल्या उलटीला कळलं असतं तर बरंच करता आलं असतं. त्यांनी तरी दोन दिवस सोडलं नाही त्याला. मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, त्या एकदाही माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्या दिवशी परतताना रिक्षात काकूंनी माझा हात धरला. "हे बघ, अव्वांना बेदाण्याचं बोलू नकोस. बोलून काय बरं होतंय ते? ऊन होतं, ऊनच म्हण."

अव्वांना रिक्षातून दवाखान्यात नेलं त्या दुपारी तो गेला. त्यांच्या मांडीवर होता. "बा पुट्टा, बा," त्या म्हणत होत्या, तो समोर असताना. अव्वांच्या समाजात माणसाला दहन नसतं, पुरतात, म्हणून त्यालाही पुरायचं ठरलं. काकूंच्या भावाचं शहराबाहेर अक्कलकोट रोडला थोडं रान आहे, तिथं. नेण्याआधी अव्वा म्हणाल्या, विंचर त्याला. बारीक केलेल्या केसांत काय विंचरायचं? पण कानांवरचे केस तेवढे लांब ठेवले होते. आजारपणात मी चार दिवस कंगवा लावला नव्हता. उजव्या कानामागं जट झाली होती. मी ती ओढली नाही, कात्रीनं कापलीही नाही, बोटांनी एकेक केस सोडवत बसले. अव्वांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली.

मग लोक यायला लागले. गल्लीतले, शाळेतल्या जुन्या बाया. अव्वा प्रत्येकीला सांगायच्या, "उन्हानं गेला हो. हिनं काय करायचं ठेवलं नाही. चमच्यानं पाजत होती." फोनवर मुलीलाही तेच. मुलगी रडत रडत मला म्हणाली, "थँक्यू ताई, तुम्ही होतात म्हणून." मी मान हलवली. मी काही बोलले नाही म्हणजे खोटंही बोलले नाही, असं मी मनाला सांगून बघितलं. पण कुणी आभार मानले की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. वाटायचं, सांगितलं तर हे घर गेलं. नाही सांगितलं तर घर राहील, पण मग ज्या बाईवर ह्या एवढी माया करतात ती कोण?

अकराव्या दिवशी अव्वा म्हणाल्या, "हुग्गी करू." हुग्गी म्हणजे कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर. "गल्लीतल्या पोरांना देऊ, त्याच्या नावानं. तुझ्या आईनं दिलेले बेदाणे काढ की."

डबा मी माझ्या ट्रंकेत तळाशी, कपड्यांखाली ठेवला होता. फेकवला नव्हता. आईच्या हातचा होता. मी उठले नाही.

"काय गं? संपले?"

"अव्वा, तो उन्हानं न्हाय गेला," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. बरगड्या, आईचा फोन, मूठ, चमचा. डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या ते. काकूंना माहीत आहे तेही. काही लपवलं नाही.

पलीकडं माग चालू होते. अव्वा आपल्या पायांकडं बघत होत्या. मग विचारलं, "आवडीनं खाल्ले का त्यानं?"

"व्हय. वाटी चाटली."

त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाल्या, "गूळ किस." आम्ही हुग्गी केली, बेदाण्यांशिवाय. पोरांनी खाल्ली. त्या माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. मी ट्रंक भरून ठेवली, कारण राहू का जाऊ, हे विचारायची हिंमत नव्हती.

रविवारी मुलीचा फोन आला. अव्वांनी फोन समोर धरला आणि म्हणाल्या, "तो बेदाण्यानं गेला. घरात होते, अशक्त दिसला म्हणून दिले."

मग मुलगी म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं ना? द्राक्षं नकोत म्हणून चार वेळा सांगितलं होतं ताईंना!"

"द्राक्षं सांगितलीस," अव्वा म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला झाला होता. "बेदाणे सांगितले नाहीस. का नकोत तेही सांगितलं नाहीस. शिकवायचं असेल तर पूर्ण शिकवावं."

मी दाराआड उभी होते. एवढं माझ्या बाजूनं जन्मात कुणी बोललं नव्हतं. मी ट्रंक रिकामी केली.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिनं फोनवर विचारलं, कुत्रं उठलं का गं? मी म्हटलं, गेलं, लई ऊन होतं. ती म्हणाली, तरी तू केलंस, तुझं पुण्य. तिला कळलं तर ती माझ्या काविळीची आठवण परत कधी सांगणार नाही, आणि ती एकच आठवण आहे तिच्याकडं जिच्यात तिच्या हातनं कुणाचं तरी बरं झालं.

अव्वा मला जा म्हणाल्या नाहीत. पान मोठ्या अक्षरात उतरवून घेतात, वही डोळ्यांशी धरून चुकीखाली रेघ मारतात. पण एक गोष्ट बदलली. आधी सकाळी मी गोळ्या आणल्या की त्या माझ्याकडं न बघता हात पुढं करायच्या आणि तळहातावर पडेल ते तोंडात टाकायच्या. हुग्गीच्या दुसऱ्या दिवशी मी गोळ्या घेऊन गेले तर त्यांनी हात पुढं केला नाही. पाकीट मागितलं, त्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून बघायचा प्रयत्न केला, डोळ्यांतून पाणी आलं तरी बघत राहिल्या. मला राग नाही आला. त्यांच्या जागी मी असते तर माझ्या हातचं पाणीसुद्धा प्याले नसते.

दिसत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तूच वाच. मोठ्यानं."

गोळ्यांच्या पट्टीवर इंग्रजीत असतं. मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. मी एकेक अक्षर जुळवून नाव वाचते, त्या डोळे मिटून ऐकतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं आठवून बघतात, मग हात पुढं करतात. रोज. रक्तदाबाची एक, संधिवाताची एक, जेवणाआधीची एक. एखादं नाव मध्येच अडलं की त्यांचा हात मांडीवरच राहतो. मी परत पहिल्या अक्षरापासून सुरू करते.